इतक्या थंडीत सरडा कसा?

प्रश्न : गेल्या जूनमध्ये आम्ही लडाखला गेलो होतो. त्सो मोरिरी तलावाजवळ मुक्काम होता. पहाटे बाहेर ठेवलेल्या बादलीतल्या पाण्यावर बर्फ धरला होता. आणि सकाळी ऊन वर आल्यावर त्याच आवारात वाळूतून एक चपटा, बोटभर सरडा पळत गेला! सरडा थंड रक्ताचा. आमच्याकडे डिसेंबरात भिंतीवरची पालसुद्धा दिसेनाशी होते. मग झाड नाही, पाऊस नाही अशा त्या उंचीवर हा प्राणी जगतो कसा?
(एक वाचक, सांगली)

उत्तर : तुम्हाला दिसला तो बहुधा थिओबाल्डचा सरडा. शास्त्रीय नाव फ्रायनोसेफॅलस थिओबाल्डी. डोकं रुंद आणि आखूड, बेडकासारखं, अंग चपटं, रंग आजूबाजूच्या वाळूचाच. कानाचं भोक बाहेरून दिसत नाही, त्यामुळे वाळू आत जात नाही. शेपटी वर उचलून गुंडाळायची सवय या सरड्यांच्या सगळ्याच गोतावळ्याला असते, एकमेकांना इशारा करण्याची ती त्यांची पद्धत आहे. जगात सर्वांत उंचावर राहणाऱ्या सरड्यांमध्ये याची गणना होते. आणि गंमत म्हणजे तो आपल्या कुंपणावरच्या सरड्याच्याच कुळातला आहे, अगामिडी कुळातला.

आता ‘थंड रक्ताचा’ या शब्दांकडे जरा सावधपणे पाहू या. सरड्याचं रक्त थंड नसतं. त्याला शरीराची उष्णता आतून तयार करता येत नाही, ती बाहेरून घ्यावी लागते, एवढाच त्याचा अर्थ. मग प्रश्न असा उरतो की त्सो मोरिरीला बाहेर उष्णता आहे का? आहे, आणि भरपूर आहे! तुम्ही स्वेटर घालून उभे होता, कारण तुमच्या नाकाशी असलेली हवा थंड होती. सरडा हवेत राहत नाही. त्याचं पोट जमिनीला टेकलेलं असतं. साडेचार हजार मीटरवर हवा विरळ, ढग कमी, धूळ कमी, त्यामुळे ऊन जवळजवळ अडथळ्याविना खाली येतं. हवा आठ-दहा अंशांवर असताना उन्हातल्या काळ्या दगडाचा पृष्ठभाग तिशी सहज ओलांडतो. पुढच्या खेपेला तिथे गेलात तर तळहात दगडावर ठेवून पाहा, मग उभं राहून तोच हात हवेत धरा. दीड मीटरच्या अंतरात दोन वेगळे ऋतू सापडतील.

सरडा या दोन ऋतूंच्या मधल्या रेषेवर जगतो. सकाळी बिळाच्या तोंडाशी येऊन तो आधी नुसतं डोकं उन्हात काढतो. थोड्या वेळाने पूर्ण बाहेर येतो, अंग आणखी चपटं करतो आणि जास्तीत जास्त कातडीवर ऊन पडेल असा उन्हाला आडवा होऊन बसतो. या वेळी तो सुस्त असतो. अंग तापलं की मात्र त्याला धरणं अवघड. मुंग्या, छोटे भुंगेरे, माश्या टिपत तो इकडून तिकडे पळतो, मध्येच थांबतो, जमीन फार तापली तर पायाची बोटं उचलून धरतो किंवा एखाद्या झुडपाच्या सावलीत जातो. ढग आला की परत बिळाकडे. त्याचा सगळा दिवस हा असा उन्हाची आणि सावलीची मोजणी करण्यात जातो.

रात्र आणि हिवाळा हा खरा पेच. त्याचं उत्तर जमिनीखाली आहे. माती उष्णता फार हळू सोडते. बिळात हातभर खोल गेलं की दिवसाचा तडाखा आणि रात्रीची कडाक्याची थंडी यांतला फरक पुष्कळ बोथट होतो. ऑक्टोबरच्या आसपास हे सरडे आत जातात ते थेट वसंतातच बाहेर येतात. त्या काळात शरीराचे सगळे व्यवहार अगदी मंद होतात. इथेच पक्षी आणि सरडा यांचे रस्ते वेगळे होतात. चिमणीएवढ्या पक्ष्याला शरीर चाळीस अंशांच्या आसपास ठेवायचं असतं, मग बाहेर उणे वीस असो. त्यासाठी रोज खावं लागतं, एक दिवसही चुकवून चालत नाही. तेवढ्याच वजनाच्या सरड्याचं काम त्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी अन्नावर भागतं, आणि थंडीत तर काही न खाता. पक्ष्याचा संसार मोठ्या मिळकतीचा आणि मोठ्या खर्चाचा, सरड्याचा संसार तुटपुंज्या मिळकतीचा पण खर्चच नसलेला. उजाड डोंगरात दोन्ही संसार चालतात, हे या प्रदेशाचं खरं वैशिष्ट्य आहे असं मला वाटतं. विरळ हवेचंही तसंच. तिथे प्राणवायू समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी मिळतो. ज्याची गरजच थोडी, त्याला ही चणचण कमी जाणवते.

पण सगळ्यात चकित करणारी गोष्ट अजून सांगायची आहे. आपला बागेतला सरडा पावसाळ्यात जमिनीत खड्डा करून अंडी घालतो आणि निघून जातो. पुढचं काम मातीची ऊब करते. त्सो मोरिरी ज्यावर आहे त्या चांगथांगच्या पठारावर हे जमणार नाही. तिथे भर उन्हाळ्यातही रात्री जमीन गारठते, आणि उन्हाळाच मुळी तीन-चार महिन्यांचा. मातीत ठेवलेली अंडी उबण्याआधी हिवाळा येऊन ठेपेल. थिओबाल्डच्या सरड्याची मादी यावर असा तोडगा काढते की ती अंडी घालतच नाही. ती गर्भ पोटात बाळगते आणि थेट पिल्लांना जन्म देते. पोटातल्या पिल्लांना घेऊन ती उन्हात बसते, सावलीत जाते, रात्री बिळात उतरते. मातीत पुरलेल्या अंड्याला हलता येत नाही, आईच्या पोटातला गर्भ मात्र दिवसभर उबेच्या मागे फिरतो. तिबेटच्या पठारावर राहणाऱ्या या सरड्यांच्या इतर अनेक भाऊबंदांनीही हाच मार्ग धरला आहे. त्याच गोतावळ्यातले सखल, उष्ण वाळवंटांत राहणारे सरडे मात्र अंडी घालतात.

कुणी म्हणेल, आमच्याकडची घोणस आणि फुरसंही पिल्लं घालतात, तिथे कुठे एवढी थंडी? बरोबर आहे. पिल्लं घालण्याची सवय सरपटणाऱ्या प्राण्यांत अनेकदा, स्वतंत्रपणे आणि वेगवेगळ्या परिस्थितींत उपजली आहे. थंडी हे त्यामागचं एकमेव कारण नाही. पण जगभरात डोंगर चढत गेलं किंवा ध्रुवांकडे सरकलं की पिल्लं घालणाऱ्या जातींचं प्रमाण वाढत जातं, ही गोष्ट योगायोगाची नाही. लडाखातच याचा पडताळा मिळतो. लेहच्या आसपास आणि सिंधूच्या खोऱ्यात दगडी बांधांवर जो मोठा, काळपट, खरबरीत सरडा दिसतो तो हिमालयी अगामा. तो खालच्या अंगाचा रहिवासी, आणि तो अंडी घालतो. दगडांच्या फटींतली एक छोटी पालही लडाखात आहे, तीही अंडीच घालते. तिचं नाव स्टोलिक्झ्काची पाल. फर्डिनांड स्टोलिक्झ्का हे मोराव्हियातले भूशास्त्रज्ञ. भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात नोकरीला होते आणि खडक तपासता तपासता पक्षी, पाली, गोगलगायी सगळंच गोळा करत. यारकंदच्या मोहिमेवरून परतताना 1874 साली लडाखातल्याच मुर्गो इथे, वयाच्या 36 व्या वर्षी ते वारले. त्यांची समाधी लेहमध्ये आहे. थिओबाल्डही त्याच खात्यातले. या प्रदेशातल्या सरड्या-पालींची पहिली ओळख आपल्याला भूशास्त्रज्ञांनी करून दिली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. दगड पाहणाऱ्या माणसालाच दगडावरचा सरडा दिसतो.

तुमच्या प्रश्नातलं ‘पाऊस नाही’ राहिलं. लेहला वर्षाकाठी साधारण 100 मिलिमीटर पाऊस पडतो, बर्फ धरून. मोसमी ढग हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिकामे होतात. पाणी वाचवण्याची एक जुनी विद्या सरडे आणि पक्षी दोघांकडे आहे. आपण शरीरातला नायट्रोजनचा कचरा मूत्रातून टाकतो, त्याला पाणी खूप लागतं. ते दोघे तोच कचरा युरिक आम्लाच्या पांढऱ्या, घट्ट लगद्याच्या रूपात टाकतात, जवळजवळ कोरडा. घरातल्या पालीची लेंडी नीट पाहिली असेल तर तिच्या टोकाला एक पांढरा ठिपका असतो. तेच ते. कबुतराच्या विष्ठेतला पांढरा भागही तोच. सरड्याला उरलेलं पाणी किड्यांच्या अंगातून मिळतं.

प्रश्न : लडाखमध्ये साप नाहीत असं आमच्या गाडीचालकाने सांगितलं. हे खरं आहे का? सरडा राहू शकतो तर साप का नाही?
(एक वाचक, नाशिक)

उत्तर : चालकाचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पूर्व लडाखच्या उंच पठारावर साप दिसणं ही अगदी दुर्मीळ गोष्ट. पश्चिमेकडे, खोऱ्यांच्या खालच्या भागात मात्र काही जाती आहेत. आणि हिमालयाच्या मुख्य रांगेवर हिमालयी पिट व्हायपर हा घोणशीच्या कुळातला छोटा विषारी साप फार उंच जातो. 4,900 मीटरच्या आसपास त्याची नोंद आहे. तोही पिल्लंच घालतो.

साप आणि सरडा यांतला फरक भूगोलाइतकाच पोटाचाही आहे. सरड्याला मुंगी पुरते. मुंग्या आणि भुंगेरे पठारावर सगळीकडे मिळतात. सापाला बेडूक, मासा, उंदीर असं मोठं भक्ष्य लागतं आणि ते पचवायला कित्येक तास, कधी काही दिवस, अंग उबदार ठेवावं लागतं. गारठलेल्या सापाच्या पोटातलं भक्ष्य पचण्याऐवजी कुजू लागतं. ज्या ठिकाणी दुपारी ऊन आणि संध्याकाळी बर्फ, तिथे ही सलग ऊब आणायची कुठून?

एका सापाने ती शोधून काढली आहे, आणि त्याची गोष्ट सांगण्याचा मोह मला आवरत नाही. तिबेटमध्ये 4,000 मीटरच्या वर, गरम पाण्याच्या झऱ्यांकाठी थर्मोफिस बेलीई नावाचा साप राहतो. ब्रिटिश अधिकारी यंगहजबंड यांच्या 1903-04 च्या तिबेट मोहिमेत फ्रेडरिक बेली नावाचा तरुण अधिकारी होता. पुढे हिमालयातल्या निळ्या खसखशीच्या फुलामुळे त्याचं नाव वनस्पतिशास्त्रात गाजलं. त्याने मिळवलेल्या या सापांचं शास्त्रीय वर्णन फ्रँक वॉल यांनी 1907 साली केलं आणि ते छापून आलं आपल्या मुंबईत, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये. हा साप झऱ्याच्या कडेच्या तापलेल्या दगडांखाली राहतो, जवळच्या ओढ्यातले मासे आणि बेडूक खातो. ऊन गेलं तरी त्याच्याकडे जमिनीतून येणारी ऊब असते. सलग ऊब हवी होती, ती मिळाली.

यापुढची गोष्ट आणखी विस्मयकारक. गेल्या वीसेक वर्षांत या सापाचा डीएनए तपासला गेला, तेव्हा त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक आशियात सापडलेच नाहीत. ते आहेत उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत! या कुळाचे पूर्वज कधीकाळी आशियातून बेरिंगच्या भूमीवरून पलीकडे गेले आणि तिकडे शेकडो जाती झाल्या असाव्यात. इकडे उरले ते तिबेटच्या पठारावर आणि त्याच्या पूर्वेच्या डोंगरांत राहणारे त्यांचे मोजके वंशज. आज या सापाच्या तीनच जाती माहीत आहेत, त्यातल्या दोन तर 2008 आणि 2014 साली जगापुढे आल्या. लडाखातही पुगा आणि चुमाथांगला गरम झरे आहेत, पण तिथे हा साप नोंदलेला नाही. उबदार जागा असणं पुरेसं नसतं, तिथवर पोचण्याची वाटही असावी लागते.

प्रश्न : भिगवणला हिवाळ्यात येणारे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस एव्हरेस्टवरून उडत येतात, असं पुस्तकात वाचलं. इतक्या विरळ हवेत ते उडतात कसे?
(इयत्ता नववीतली विद्यार्थिनी, बारामती)

उत्तर : तुझ्या गावाजवळचा प्रश्न विचारलास, फार बरं वाटलं. हा पट्टकादंब, पक्षीनिरीक्षक याला बार-हेडेड गूज म्हणतात. उजनीच्या पाणलोटात, जायकवाडीला, नांदूर मधमेश्वरला तो हिवाळ्यात येतो. उन्हाळ्यात तो लडाख, तिबेट, मंगोलियातल्या तलावांवर घरटी करतो. मंगोलियात गळ्यात क्रमांकाचा पट्टा घातलेले काही हंस कर्नाटकातल्या तलावांवर दिसले आहेत. म्हणजे भिगवणला दिसणारा थवा त्सो मोरिरीचा असेल किंवा त्याहून कितीतरी दूरचा, नुसतं पाहून सांगता येत नाही.

एव्हरेस्टवरून उडण्याची गोष्ट गिर्यारोहकांच्या ऐकीव कथांवर उभी आहे. हंसांच्या पाठीवर यंत्रं बसवून शास्त्रज्ञांनी जे मोजलं त्यात सर्वांत उंच नोंद 7,290 मीटरची आहे, आणि तीही थोड्या वेळापुरती. बहुतेक प्रवास त्याहून पुष्कळ खालून होतो. पण खरी हकीकत कथेपेक्षा सुरस आहे. आपल्याला वाटतं की एकदा उंची गाठली की हंस सरळ रेषेत निघून जात असतील. तसं होत नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं दिसलं की हंस डोंगर आला की चढतात, दरी आली की पुन्हा खाली उतरतात, पुढच्या डोंगरावर पुन्हा चढतात. कमावलेली उंची ते मुद्दाम सोडून देतात. कारण उंचावरच्या विरळ हवेत तरंगायला पंख जोरात मारावे लागतात, आणि ते फार महागात पडतं. पंखांची गती पाच टक्के वाढली तर हृदयाचे ठोके एकोणीस टक्क्यांनी वाढतात. त्यापेक्षा दाट हवेत उतरून पुन्हा चढणं स्वस्त. शिवाय ते रात्री आणि पहाटे उडणं पसंत करतात. थंड हवा दाट असते.

तुझ्या प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं, म्हणजे प्राणवायूचं, उत्तर हंसाच्या अंगात आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हवा आत जाते आणि त्याच वाटेने बाहेर येते, त्यामुळे फुप्फुसात नेहमी थोडी शिळी हवा उरते. पक्ष्यांच्या फुप्फुसांना हवेच्या पिशव्या जोडलेल्या असतात आणि हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते. श्वास सोडतानाही ताजी हवा मिळत राहते. ही देणगी सगळ्याच पक्ष्यांना आहे. पट्टकादंबाकडे त्याशिवाय आणखी काही आहे. त्याची फुप्फुसं इतर हंसांपेक्षा मोठी आहेत, उडण्याच्या स्नायूंत केशवाहिन्यांचं जाळं जास्त दाट आहे, आणि त्याच्या हिमोग्लोबिनच्या रेणूत एक छोटा बदल झालेला आहे. हिमोग्लोबिनच्या एका साखळीत, एका ठरावीक जागी, इतर हंसांत प्रोलीन हे अमिनो आम्ल असतं, याच्यात ॲलॅनीन आहे. शेकडो अमिनो आम्लांमधलं हे एक बदललं आणि प्राणवायूला घट्ट धरून ठेवण्याची त्या रेणूची ताकद वाढली. विरळ हवेतून थोडासाच प्राणवायू मिळाला तरी तो निसटत नाही.

जानेवारीत भिगवणच्या काठावर हे हंस हिरवळीत चरताना दिसतील. सकाळी लवकर जा, तेव्हा ते काठाजवळ असतात.

प्रश्न : सगळे पक्षी हिवाळ्यात खाली येतात का? जे वरच राहतात ते काय खातात?
(एक वाचक, पणजी)

उत्तर : पाण्यावर आणि किड्यांवर जगणारे बहुतेक निघून जातात. तलाव गोठला की हंसांना, काळ्या मानेच्या क्रौंचांना तिथे राहून करायचं काय? पण बरेच पक्षी राहतात. डोमकावळे, लाल चोचीचे आणि पिवळ्या चोचीचे डोंगरी कावळे, रामचकोर, काही स्नोफिंच. आणि दाढीवालं गिधाड.

रामचकोर हा कोंबडीच्या कुळातला, पण चांगला धष्टपुष्ट. तो चोचीने जमीन उकरून मुळं आणि कंद खातो. त्याची दिनचर्या पाहण्यासारखी असते. सकाळी तो चरत चरत उतारावरून पायी वर चढतो, आणि खाली यायचं असलं की कड्यावरून झेपावून पंख पसरून तरंगत येतो. चढ पायांनी, उतार पंखांनी. त्या उंचीवर जड अंगाने पंख मारत वर जाणं त्याला परवडणारं नाही.

दाढीवाल्या गिधाडाने मात्र हिवाळाच आपला हंगाम करून टाकला आहे. त्याच्या आहारात बहुतांश हाडं असतात. लहान हाड तो अख्खं गिळतो. मोठं हाड पायात धरून उंच जातो आणि ठरलेल्या खडकावर सोडतो. एकदा नाही फुटलं तर उतरून उचलतो, पुन्हा वर, पुन्हा सोडतो. अशा खडकांभोवती हाडांच्या कपच्यांचा सडा पडलेला असतो. जठरातलं आम्ल इतकं तीव्र की गिळलेलं हाड सुमारे दिवसभरात विरघळतं, आतली चरबी आणि प्रथिनं त्याला मिळतात. मादी भर हिवाळ्यात अंडी घालते. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण हिशोब चोख आहे. अंडं सुमारे पंचावन्न दिवसांनी फुटतं, तेव्हा हिवाळा संपत आलेला असतो, आणि थंडीने खंगलेल्या जंगली शेळ्या-मेंढ्यांची आणि गुरांची कलेवरं डोंगरात सर्वांत जास्त असतात. पिल्लाच्या तोंडी अन्न पडण्याची वेळ आणि डोंगरात मरतुक होण्याची वेळ एकच. त्याच्या छातीवरचा तांबूस रंग त्याचा स्वतःचा नाही, तो लोहयुक्त मातीत लोळून तो लावून घेतो. ज्या पक्ष्यांना बंदिवासात ती माती मिळत नाही, त्यांची छाती पांढरीच राहते.

आता स्नोफिंच. चिमणीच्या कुळातले हे पांढरट-तपकिरी पक्षी. यांच्या काही जाती पठारावर पिकाच्या बिळांत घरटी करतात. पिका म्हणजे सशाचा छोटा भाऊबंद, उंदराएवढा, गोल कानांचा. तो गवताळ जमिनीत बिळांचं जाळं खणतो. ही बिळं अनेकांच्या उपयोगी पडतात. तिबेटच्या पठारावर स्नोफिंच आणि सरडे दोघंही त्यांचा आसरा घेतात. एकाच प्रकारच्या बिळात चिमणी अंडी घालते आणि ती उबतात, कारण तिचं चाळीस अंशांचं अंग त्यांच्यावर बसलेलं असतं. सरड्याची मादी त्याच बिळातून सकाळी आपला गर्भ उन्हात घेऊन जाते. सांगलीच्या वाचकांना वर दिलेलं उत्तर इथे पूर्ण होतं.

चीनमध्ये साधारण 1960 पासून कुरणं वाचवण्याच्या नावाखाली पिकांना मोठ्या प्रमाणावर विष घातलं गेलं. पिका गवत खातो हे खरं. पण जिथे पिका संपले तिथे स्नोफिंचही घटले, आणि पिकांवर जगणारे ससाणे आणि बाजही. बीळ वापरायचं बंद झालं की वर्षा-दोन वर्षांत ढासळतं. नवं बीळ खणायला चिमणीकडे पंजे नाहीत. ग्राउंड टिट नावाचा एक पक्षी मात्र स्वतःच्या चोचीने बीळ खणतो. भारतात तो उत्तर सिक्कीमच्या पठारावर दिसतो. त्याला आधी कावळ्यांच्या कुळात धरत, 2003 च्या सुमारास ध्यानात आलं की तो रामगंगेच्या म्हणजे टिटच्या कुळातला आहे.

प्रश्न : आम्ही सात-आठ मित्र मे महिन्यात मोटारसायकलींवर लडाखला जाणार आहोत. पक्षी आणि सरडे पाहायचे असतील तर काय करावं आणि काय टाळावं?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : टाळायचं आधी सांगतो, कारण मे-जून हा नेमका घरट्यांचा काळ आहे. हानले, त्सो कार, पुगा, चुशूल इथल्या ओल्या कुरणांत काळ्या मानेचे क्रौंच अंडी घालतात, सहसा दोन. हा लडाख केंद्रशासित प्रदेशाचा पक्षी आहे. रशियन संशोधक प्रझेव्हाल्स्की यांनी 1876 मध्ये शोधला, जगातल्या क्रौंचांपैकी विज्ञानाला सर्वांत शेवटी कळलेला हाच. लांबून हिरवं, सपाट आणि मोकळं दिसणारं ते कुरण मोटारसायकल घालायला मोह पाडतं. तिथे चाक घालू नका. कोरड्या पठारावर जीवसृष्टीचा फार मोठा वाटा याच अरुंद, ओल्या पट्ट्यात एकवटलेला असतो, आणि तिथे चाकाची उमटलेली खूण वर्षानुवर्षं बुजत नाही. थोडं पलीकडे, कोरड्या वाळूत, सरड्यांची आणि पिकांची बिळं असतात. तीही चाकाखाली कोसळतात. रस्ता सोडू नका, हे एक पाळलंत तरी खूप.

दुसरं, उरलेलं अन्न तंबूबाहेर टाकू नका. छावण्या आणि मुक्कामांच्या उकिरड्यांवर भटक्या कुत्र्यांच्या टोळ्या वाढल्या आहेत आणि त्या क्रौंचांची अंडी, पिल्लं आणि हंसांची घरटी फस्त करतात. चांगपा मेंढपाळ आपल्या कळपांसह पिढ्यानपिढ्या याच कुरणांत राहत आले आणि क्रौंचही त्यांच्या शेजारी राहिले. कुत्र्यांच्या टोळ्यांशी मात्र जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्याला जुळवून घेता येत नाही. क्रौंच मान ताणून तुमच्याकडे पाहू लागला की तुम्ही फार जवळ आलात असं समजा आणि मागे फिरा. दुर्बीण न्या. जोडीने असलेला क्रौंच दुर्बिणीतून तासभर पाहता येतो.

सरड्यासाठी सकाळी ऊन चांगलं वर आल्यानंतरचा दीड-दोन तासांचा वेळ राखून ठेवा. वाळू आणि खडी जिथे मिसळते, जवळ काटेरी झुडपांचे विखुरलेले पुंजके आहेत, अशी जागा निवडा आणि स्वस्थ बसा. चालत राहिलात तर काही दिसणार नाही, तो दगडच वाटेल. लेहमध्ये पहिले दोन दिवस तुम्हाला हवेची सवय होईपर्यंत विश्रांती घ्यावीच लागेल. तेव्हा शहराच्या कडेच्या दगडी बांधांवर हिमालयी अगामा पाहा, दुपारी तो हमखास ऊन खात बसलेला असतो. त्यानंतर वर त्सो कारला जाऊन थिओबाल्डचा सरडा शोधलात, तर अंडी घालणारा आणि पिल्लं घालणारा, दोन्ही प्रकारचे सरडे तुमच्या एकाच प्रवासात पाहून होतील.